नर्सिंगची शिष्यवृत्ती: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो, तो सोयाबीन घरात येईपर्यंत थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी बरीच वर्षं ट्यूटर होते. निवृत्त झाले, पण जुन्या विद्यार्थिनींनी माझा नंबर गावोगावी पोचवलाय. त्याचा मला आनंदच आहे. दुःख एकाच गोष्टीचं होतं. नियमाने जिच्या हक्काचा पैसा आहे, ती मुलगी एका दाखल्यापायी जागा सोडून वावरात परत जाते. हे मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. पुढे जिथे ‘प्र.’ लिहिलंय, तिथे त्या क्रमांकाचं उत्तर पाहावं.

१. माही पोरगी बारावी आर्ट्स झाली. तिले नर्सिंगले जाता येते काय, अन् शिष्यवृत्ती भेटते काय?

दोन्हीचं उत्तर हो. दोन वर्षांचं एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) आणि तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कोणत्याही शाखेतून करता येतं. जीएनएमसाठी बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण लागतात. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. गुण ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के, शिवाय राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. शिष्यवृत्ती बारावीच्या शाखेवर ठरत नाही. जात किंवा प्रवर्ग, घरचं उत्पन्न, कॉलेजची मान्यता आणि प्रवेश कसा झाला, यांवर ती ठरते.

२. आमच्यासाठी नेमकी कोणती योजना आहे?

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची, शिष्यवृत्ती. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्यात फी आणि निर्वाहभत्ता दोन्ही येतात. नर्सिंगचा समावेश दुसऱ्या गटात होतो, त्यामुळे वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ९,५०० आणि घरून येणाऱ्याला ६,५०० रुपये भत्ता असतो. उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता मिळत नाही.

अनुसूचित जमातींसाठी अशीच योजना आदिवासी विकास विभागाची आहे. अर्ज ऑनलाइन असला तरी अडचण आली की दार ठोठवायचं ते प्रकल्प कार्यालयाचं: धारणी, पांढरकवडा, पुसद, चिमूर, देवरी, अहेरी, भामरागड, जे तुमचं असेल ते. गोंड, कोलाम, कोरकू, माडिया घरांतल्या मुलींनी हे कार्यालय आधी ओळखीचं करून घ्यावं. तिथे जायला लाजू नये.

ओबीसी, विमुक्त-भटके आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्न त्यांच्या मर्यादेवर गेलं तरी नॉन-क्रीमिलेअर दाखल्यावर फी सवलत मिळू शकते. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. मुलींसाठी याच्याही पुढचं काही आहे, ते प्र. ६ मध्ये.

३. अर्ज कुठे करायचा? सेतूवाला म्हणतो “मीच करून देतो, पैसे आले की वाटा द्या.”

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अर्ज स्वतःच्या मोबाइलवरूनही भरता येतो. सेतू केंद्रात भरलात तर ठरलेलं शुल्क द्या, पावती घ्या आणि बाहेर पडा. वाटा कोणालाही देऊ नका. युजरनेम, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच हवा. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वेळी मी वर्गात हे सगळ्यांना लिहायला लावायचे.

मुदत दरवर्षी वेगळी असते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नका.

४. आधीपासून कोणते कागद काढून ठेवायचे?

अकरावीत असतानाच सुरुवात करा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, रेशनकार्ड, आधार आणि बँक पासबुक. प्रवेशानंतर फीची पावती आणि कॅपचं (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट पत्र यात जोडलं जातं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर लागत नाही, ते साध्या कागदावर चालतं. कोणी मागितलाच तर तहसील कार्यालयात थेट विचारा.

नावातला फरक ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, बापाच्या सातबाऱ्यावर तिसरंच. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

५. जात वैधतेसाठी आजोबांचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत. आता काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते. जात पडताळणी समितीला ठरावीक तारखेआधीचा पुरावा हवा असतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. हा पुरावा शाळेचाच असला पाहिजे असं नाही. आपल्या भागात जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात आहेत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल मिळते. नागपूरकडच्या जिल्ह्यांत जुन्या बंदोबस्ताच्या (जमीन महसूल आकारणीच्या) मिसलीतही जातीचा उल्लेख सापडतो. आजोबांचे भाऊ, आत्या, चुलत घराणं यांच्यापैकी कोणी शाळेत गेलं असेल तर त्यांचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा वंशावळीसोबत जोडता येतो. वडिलांच्या रक्तातल्या नात्यात कोणाला वैधता मिळाली असेल तर ती पहिली शोधा, निम्मं काम तिथेच होतं.

एका मुलीसोबत मी स्वतः अभिलेख कक्षात बसले होते. कापडाच्या बस्त्यातून कोतवाल बुक निघालं. पानं इतकी जीर्ण की कारकून ती पट्टीने उलटत होता. तिच्या आजोबांचं नाव नव्हतं. दोन तासांनी आजोबांच्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली, बापाचं नाव आणि जात स्पष्ट. त्या एका ओळीवर पुढे वैधता झाली. तेव्हा “आमच्याकडं काही नाही” म्हणून घरी बसू नका.

वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज दाखल केल्याची पोच सांभाळा. ती कुठे आणि कधीपर्यंत चालते, हे त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत पाहा.

६. मुलींची फी शंभर टक्के माफ झाली म्हणतात. मग कॉलेज पैसे का मागतं?

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत. आधी ती पन्नास टक्के होती. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. जीएनएम-एएनएमला जाणाऱ्यांनी त्या वर्षीची प्रवेशसूचना वाचून आपला प्रवेश या अटीत बसतो का, हे कॉलेजकडून लेखी घ्यावं.

कॉलेज जे मागतं त्यात बहुतेक वेळा शिक्षण शुल्काबाहेरच्या रकमा असतात: अनामत, गणवेश, वसतिगृह, मेस. त्या माफ नाहीत. शिक्षण शुल्कच मागत असतील तर शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी वाद घालू नका, कागद द्या.

७. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर?

प्र. ६ ची सवलत तिथे नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्या निर्णयातून वगळलेली आहेत, आणि संस्थास्तरावरचा प्रवेश कॅपमधला धरला जात नाही. कॉलेज घराजवळ आहे, इमारत मोठी आहे, म्हणून घाईत पैसे भरणारे पालक मी पाहिलेत. पहिल्या वर्षी बैलजोडी विकली, दुसऱ्या वर्षी काय विकणार? माझं स्पष्ट मत आहे की लांबच्या सरकारी कॉलेजात कॅपमधून जागा मिळत असेल तर तीच घ्यावी. राहण्याची सोय प्र. १० मध्ये.

८. पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसतं, पण खात्यात काहीच नाही.

पैसे बहुतेक वेळा हरवलेले नसतात, दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. थेट लाभाचा पैसा अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. तुमचं आधार ज्या बँकेशी शेवटचं सीड झालंय, म्हणजे थेट लाभासाठी जोडलं गेलंय, तिथे जातो. एक मुलगी पासबुक घेऊन माझ्याकडे आली होती. दर आठवड्याला ती राळेगावच्या शाखेत नोंद करून आणायची आणि प्रत्येक वेळी तोच आकडा. आधारची बँक तपासली तर दुसरीच निघाली. आठवीत असताना गावात शिबिर लागलं होतं, तिथे अंगठा देऊन उघडलेलं खातं. सगळे पैसे तिथे सुरक्षित होते.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा. नुसतं केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही.

दुसरी अडचण छोट्या खात्यांची. पुरेशा कागदांशिवाय उघडलेल्या खात्यात शिल्लक ५० हजारांवर आणि वर्षभरातली जमा एक लाखावर जाऊ शकत नाही. शिष्यवृत्तीची मोठी रक्कम अशा खात्यातून परत जाते. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या.

९. अर्ज ‘सेंड बॅक’ झाला. म्हणजे नाकारला का?

नाही. काहीतरी दुरुस्त करायला परत पाठवलाय. शेरा वाचा, तो कागद पुन्हा चढवा आणि मुदतीत सादर करा. पोर्टल आठवड्यातून एकदा उघडायची सवय ठेवा, फक्त मेसेजवर राहू नका. कम्युनिटी पोस्टिंगला मेळघाटात गेलेल्या मुलींना रेंज नसते, त्यांनी घरच्या कोणाला तरी हे काम लावून द्यावं.

१०. हॉस्टेलला नंबर लागला नाही. खोली भाड्याने घेतली तर मदत मिळते का?

मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपुरात शिकत असाल तर वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. अमरावतीसारख्या विभागीय शहरात ५१,०००. यवतमाळ, गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, कॉलेजच्या गावात तुमचं घर नसावं आणि हजेरी ७५ टक्के लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसोबत हे घेता येतं, पण तिथला निर्वाहभत्ता यातून वजा होतो.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पापळच्या भाऊसाहेबांच्या नावाची ही योजना आपल्या शेतकरी घरांनाच कमी माहीत आहे, याचं मला फार वाईट वाटतं. अल्पभूधारक दाखला काढायला किती वेळ लागतो?

घरून ये-जा करत असाल तर एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. कॉलेजचं बोनाफाइड घेऊन डेपोत जा.

११. फी माफ झाली तरी वरखर्च किती येतो?

कॉलेजप्रमाणे वेगळा, म्हणून आकडा देत नाही. पण काय काय लागतं ते सांगते: दोन-तीन गणवेश, पांढरे किंवा काळे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, प्रोसिजर बुक, केस स्टडीच्या फाइली, झेरॉक्स, पोस्टिंगचा प्रवास. पुस्तकं सीनियरकडून घ्या. घड्याळ मात्र चांगलं घ्या, नाडी त्याच्यावर मोजायची आहे.

१२. आईबाबा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातात. त्याचा उपयोग होतो का?

होतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी असेल आणि ती चालू असेल, तर पहिल्या दोन मुलांना शैक्षणिक साहाय्य आहे. पदवी अभ्यासक्रमाला वर्षाला २०,००० रुपये. नोंदणीला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो ग्रामसेवकाकडून मिळू शकतो. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका.

१३. मी मुलगा आहे. सगळं मुलींसाठीच आहे का?

नाही. प्र. ६ सोडलं तर बाकी योजना मुलांनाही आहेत. ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना निम्म्या फीची सवलत आहे. या व्यवसायात मुलांची गरज आहे, मनात किंतु ठेवू नका.

१४. लग्न झालंय. उत्पन्न वडिलांचं की नवऱ्याचं?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नोकरी नसलेल्या विवाहित विद्यार्थिनीसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरतात. जात मात्र माहेरचीच, जातीचा दाखला आणि वैधता वडिलांकडूनच येते. आडनाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. शिक्षण सुरू असताना आधारवरचं नाव बदलू नका, असा माझा सल्ला आहे, नाहीतर प्र. ४ मधली डोकेदुखी दुप्पट होते.

१५. बी.ए. झालं आणि आता नर्सिंग करायचंय. किंवा पहिल्या वर्षी नापास झाले. शिष्यवृत्ती राहते का?

मॅट्रिकोत्तर योजनेचं तत्त्व असं की एक पातळी पूर्ण करून त्याच पातळीवर दुसरा विषय घेतला तर शिष्यवृत्ती नाही. बी.ए. नंतर बी.एस्सी. नर्सिंग त्यात अडकू शकतं, म्हणून प्रवेशाआधी समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा. एएनएम, मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरचं बी.एस्सी. नर्सिंग) ही चढती वाट आहे, तिथे अडचण कमी. नापास झालात तर त्याच वर्गासाठी दुसऱ्यांदा पैसे मिळत नाहीत. पुढच्या वर्गात गेल्यावर नूतनीकरण कसं करायचं, ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला लगेच विचारून ठेवा.

१६. पैसे माझ्या खात्यात आले आणि घरी अडचण होती, ते खर्च झाले. आता कॉलेज परीक्षेला बसू देत नाही.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. ते पैसे बियाण्याला किंवा दवाखान्याला गेले, हे मी समजू शकते. प्राचार्यांना भेटून हप्ते लेखी ठरवून घ्या आणि त्याच दिवशी पहिला हप्ता भरा. ज्यांचे पैसे अजून यायचेत त्यांनी घरात आधीच सांगून ठेवावं की यातला फीचा भाग आपला नाही.

१७. एजंट म्हणतो, बंगळूरला जीएनएम करा, स्कॉलरशिप आम्ही लावतो.

थांबा. कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) यादीत आहे का, त्या राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः पाहा. परत आल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते, ती नसेल तर इथे नोकरी नाही. मूळ गुणपत्रिका एजंटच्या हातात कधीही देऊ नका. हजेरी न लावता डिप्लोमा देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. उद्या तुमच्या हातात कोणाचं तरी बाळ असणार आहे.

१८. कशातच बसत नाही. कर्ज घ्यावं का?

शेवटचा पर्याय म्हणून घ्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी निधीची सोय आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर व्याज अनुदानाची चौकशी अर्जासोबतच करा. वडिलांचं पीककर्ज थकलंय म्हणून बँक तोंडी ‘नाही’ म्हणत असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरा, तिथे त्याची नोंद राहते.

१९. मी जीएनएम आहे, नोकरी करते. पोस्ट बेसिक करायला मदत मिळेल का?

पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ आहे. पूर्ण पगार घेत असताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमासाठी बिनपगारी रजा घेतली तर पात्र ठरता. नियमित सरकारी सिस्टरना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अभ्यास रजेची तरतूद आहे, त्यासोबत सेवेचा बाँड येतो. कंत्राटी सिस्टरना हे नियम लागू नाहीत. त्यांच्यासाठी ही खरी कोंडी आहे आणि ती बदलायला हवी, असं मी अधिकाऱ्यांसमोरही बोलले आहे.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ मध्ये स्थापन झालेली संघटना आपल्या सदस्यांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते. विद्यार्थिनी असतानाच तिच्या विद्यार्थी शाखेचं सदस्यत्व घ्या.

२०. नोंदणी नूतनीकरणाला सीएनईचे (नर्सिंगच्या निरंतर शिक्षणाचे) तास मागतात. तालुक्यात कुठून आणायचे?

नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं, आणि भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी १५० तासांचं निरंतर शिक्षण ठरवलंय, म्हणजे वर्षाला ३०. चौथ्या वर्षापर्यंत थांबू नका. नागपूर, सेवाग्राम, अमरावती, अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजांत कार्यशाळा होतात. जाण्याआधी एकच विचारा: परिषदेची मान्यता आणि गुण आहेत का? नसतील तर ज्ञान मिळेल, तास मिळणार नाहीत. प्रमाणपत्रं एका फाइलीत तारखेने लावा.

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी विषयही आपल्या भागाला धरून निवडावेत: सिकलसेल, सर्पदंश, नवजात बाळाची काळजी, गडचिरोलीत मलेरिया. रात्रपाळीत एकट्या असताना हेच लागतं.

२१. पुढे काय शिकलं तर गावाजवळच राहून बढती होईल?

एक वर्षाचे विशेष डिप्लोमा आहेत: सार्वजनिक आरोग्य, मनोविकार, क्रिटिकल केअर, नवजात शिशू परिचर्या. बी.एस्सी. झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट आहे. निवड झाल्यावर सहा महिन्यांचं प्रशिक्षण शासनच देतं आणि नेमणूक उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. शिकवण्याची आवड असेल तर एम.एस्सी. नर्सिंग करा, त्याआधी वर्षभराचा अनुभव लागतो.

२२. ताई, तुम्हाला फोन करण्याआधी काय तयार ठेवू?

कोऱ्या कागदावर पाच गोष्टी लिहा: प्रवर्ग, घरचं वर्षाचं उत्पन्न, बारावीचे गुण आणि विषय, जात वैधता आहे का, आणि आधार कोणत्या बँकेला सीड आहे. शेवटचं माहीत नसेल तर आधी प्र. ८ वाचून ते पाहा. फोन संध्याकाळी सातनंतर करा, आणि शक्य असेल तर मुलीलाच बोलू द्या.